वरची ओळ

मागच्या खोलीत एकूण एकशे बारा वस्तू होत्या. त्यांतल्या एकोणसाठ वस्तूंना हत्यारं म्हणता येत होतं: करवती चार, रंधे तीन, पटाश्या अकरा, हातोड्या पाच, लाकडी मोगऱ्या दोन, कानशी सात, पकडी सहा, क्लॅम्प नऊ, वेत ओढायचे आकडे चार, काटकोन बघायचा गुण्या एक, गिरमिटं दोन आणि सुऱ्या पाच. उरलेल्या त्रेपन्नांत सहा मोडक्या खुर्च्या, वेताची आठ भेंडोळी, सरस-पॉलिश-रंगाचे तेवीस डबे आणि एक कामाचं टेबल. राहिलेल्या पंधरा वस्तूंची नावं जावयाला सांगता येईनात. सासूबाईंना विचारायची भीड वाटली, म्हणून त्या वस्तूंना त्याने मनातल्या मनात ‘इतर’ म्हणून टाकलं.

ही मोजदाद त्याला कुणी सांगितली नव्हती. प्रयोगशाळांचे तराजू तपासून देणाऱ्या ज्या कंपनीत तो होता ती बंद पडली, भाड्याचं घर सोडावं लागलं आणि नवराबायको बायकोच्या आईकडे राहायला आले. ‘तात्पुरते’ हा शब्द पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी भरपूर वापरला, मग कुणीच वापरेना. बायको सकाळी छापखान्यात जायची, तिथे ती रंग जुळवून बघण्याचं काम करायची. सासूबाई मागच्या खोलीत खुर्च्या विणायला बसायच्या. आणि तो ताटं पुसायचा, नळाचा वॉशर बदलायचा, पुन्हा ताटं पुसायचा.

कुणी टोचून बोललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. बोलायचा तो फक्त सोफावाला. त्याचं कोपऱ्यावर दुकान होतं, गिऱ्हाइकांच्या मोडक्या खुर्च्या तो सासूबाईंकडे आणून टाकायचा आणि चहा प्यायल्याशिवाय हलायचा नाही.

“काय जावईबापू, पाहुणचार अजून चालूच?” तो दर खेपेला विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

“तुम्ही चहा घ्या,” सासूबाई म्हणायच्या. जावयाच्या वाटचं उत्तर त्यांनीच द्यावं, याचीही त्याला लाज वाटायची.

हत्यारं एका पत्र्याच्या पेटीत, दोन बादल्यांत आणि खिडकीच्या कट्ट्यावर पडलेली असत. सासूबाई न बघता, हात घालून हवं ते काढत. नाही सापडलं की हत्याराशीच बोलत. “हा मेला आकडा आत्ता तर इथे होता! पाय फुटले का तुला?” अशाच एकदा बादलीत हात घालून त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “ह्या पसाऱ्याला एकदा कपाट पाहिजे बाई.”

भिंतीने ऐकलं नाही. जावयाने ऐकलं.

त्याने कामच हाती घेतलं. प्रत्येक हत्यार पुठ्ठ्यावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढली. कपाट कामाच्या टेबलाच्या वर, भिंतीला टांगायचं ठरलं, म्हणजे जमीन अडणार नाही. आता सर्वात वरची खुंटी किती उंचीवर, एवढाच प्रश्न उरला. अंदाजाने काही करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. टेप घेऊन तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

“आई, जरा भिंतीपाशी येता? हात वर करून उभ्या राहा. कुठवर पोचतो ते बघायचंय.”

सासूबाईंच्या उजव्या हातात सरसाचा ब्रश होता. त्यांनी ब्रशकडे बघितलं, जावयाकडे बघितलं आणि डावा हात वर केला.

“टाचा उचलू नका हं.”

“नाही हो उचलत. मी काय जळमटं काढतेय?”

बोटांची टोकं टेकली तिथे त्याने पेन्सिलची रेघ मारली. एकशे साडेचौऱ्याऐंशी सेंटीमीटर. प्रयोगशाळेत तो तीनपेक्षा कमी मापं कधी घेत नसे. एक माप म्हणजे माप नाही, असं नव्या पोरांना तोच शिकवायचा. पण जावयाने सासूला पुन्हापुन्हा हात वर करायला लावायचं, हे त्याला बरं दिसेना. “झालं,” तो म्हणाला. साडेतीन सेंटीमीटर सोयीसाठी वजा केले आणि वरची ओळ एकशे एक्क्याऐंशीवर पक्की केली.

कपाट झालं मात्र देखणं. अठरा मिलिमीटरचं प्लायवुड, कडांना सागाची पट्टी, दोन्ही दारं आतून पोकळ, म्हणजे पटाश्या दारांतच मावाव्यात. कर्ण दोन्ही बाजूंनी मोजला तर मिलिमीटरचाही फरक नाही. आतल्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती गडद निळ्या रंगात रंगवली आणि त्या आकृतीवर त्याची खुंटी बसवली. कुठलं हत्यार जागेवर नाही ते दार उघडताच दिसावं. मांडणी लांबीप्रमाणे केली, लांब वर, आखूड खाली. त्यामुळे लांब क्लॅम्प, मोठी करवत आणि लांब दांड्याची मोगरी वरच्या ओळीत गेली. दार उघडलं की निळ्या आकृत्या वरून खाली उतरत्या पायऱ्यांसारख्या दिसत. आठ स्क्रूंनी कपाट भिंतीला घट्ट बसलं.

सासूबाईंनी दारावरून हात फिरवला. “एवढं नीटनेटकं तर माझं स्वैपाकघरही नाही,” त्या म्हणाल्या.

सोफावाल्याने दार तीनदा उघडलं आणि तीनदा मिटलं. “जावईशोध म्हणतात तो हाच बरं का, मावशी! एवढी वर्षं तुम्हाला हत्यारं सापडत होती, आता ती दिसायलाही लागली.”

सगळे हसले. जावईही हसला. त्या संध्याकाळी त्याने या घरात पहिल्यांदा आपणहून दुसरा कप चहा मागितला.

पुढे कपाट बघायला माणसं यायला लागली. शेजारीण आली, बायकोच्या छापखान्यातल्या दोघी आल्या. बायको त्यांना मागच्या खोलीत नेऊन म्हणायची, “ह्याने केलंय. सगळं मापून.” तिच्या आवाजातली ही चाल त्याने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. बायको दार उघडायची तेव्हा तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा, पण कान तिकडेच असत.

एक गोष्ट तेवढी खटकायची. रंगाचा एक मोठा रिकामा डबा कोपरा सोडून टेबलापाशी आलेला असे. जावई तो उचलून जागेवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा टेबलापाशी. ‘आईंना शिस्त लागायला वेळ लागेल,’ असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

मग एका दुपारी तो वेताचं भेंडोळं घेऊन मागे आला. दार अर्धवट उघडं होतं. सासूबाई उपड्या डब्यावर उभ्या होत्या. उजवा हात अंगाशी धरलेला, आणि डाव्या हाताने त्या वरच्या खुंटीवरून मोगरी सोडवत होत्या. मोगरी सुटली तशा त्या डोलल्या, कपाटाच्या दाराला धरून सावरल्या आणि एकेक पाय खाली घेत उतरल्या. ओढ्यातल्या दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाणारं माणूस तोल सांभाळतं, तसं.

तो मागे सरला. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन पुढच्या खोलीपर्यंत गेला, तिथे चपला घातल्या, खोकला आणि पुन्हा मागे आला. तोवर डबा पायाने टेबलाखाली सरकवलेला होता.

“वेत आणला,” तो म्हणाला.

“ठेवा तिथे,” सासूबाई म्हणाल्या.

आठ स्क्रू काढायचे आणि कपाट खाली आणायचं, एवढंच काम होतं. ते त्याला दारातून मागे सरतानाच कळलं होतं. माप भिंतीला टेकून घेतलं होतं, आता मध्ये टेबल होतं. चुकीचं वजन दाखवणाऱ्या तराजूवर ‘तपासला, योग्य’ अशी चिठ्ठी लावणाऱ्यांना तो आजवर चोर म्हणत आला होता. पण कपाट उतरवायचं म्हणजे का उतरवतोय ते सांगायचं. सोफावाल्याला सांगायचं, छापखान्यातल्या दोघींना सांगायचं आणि ‘सगळं मापून’ म्हणणाऱ्या बायकोला सांगायचं. आईच काही बोलल्या तर बघू, असं त्याने ठरवलं. त्या बोलल्या की लगेच उतरवायचं.

त्या बोलल्या नाहीत. तेव्हा त्याने डबा उचलला आणि मागच्या फाटकापाशी भंगारात टाकला. डब्याची कड गंजली होती, हात कापला असता, हे खरंच होतं. आता चढायला काही नाही म्हटल्यावर आईंना बोलावंच लागेल, हेही त्याच्या मनात होतं. तेही खरं होतं.

दुसऱ्या सकाळी तो बेसिनपाशी असताना मागून आधी लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि मग दुसरा आवाज. तो धावला. विणकाम उसवून काढलेल्या, नुसत्या चौकटीच्या खुर्चीवर त्या चढल्या होत्या. खुर्ची आडवी पडली होती, लांब क्लॅम्प टेबलाखाली गेला होता आणि सासूबाई मनगट छातीशी धरून फरशीवर बसल्या होत्या.

“चक्कर आली,” कुणी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या. त्याच्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. “उभ्या उभ्या चक्कर आली.”

त्याने खुर्ची सरळ करून भिंतीपाशी ठेवली. हे त्याने आधी केलं आणि मग त्यांना उठवलं. पुढे कितीतरी वेळ त्याला हा क्रम आठवत राहिला.

उजवं मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घातलं, आणि चक्कर म्हटल्यावर बाकीचंही सुरू झालं. रक्त तपासलं, रक्तदाब उभ्याने आणि झोपून मोजला, डोक्याचा फोटो काढायला मोठ्या यंत्रात घातलं. बायको आईची चप्पल हातात धरून यंत्राच्या दाराबाहेर उभी होती, तो कागदांची फाईल धरून तिच्या शेजारी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “डोकं ठीक आहे. उजवा खांदा मात्र आखडलाय. तो आजचा नाही, दोनेक वर्षांचा असेल. हात खांद्याच्या जरासाच वर जातो.”

“आई! कधी बोलली नाहीस?”

“त्यात काय बोलायचं?”

जावयाला सरसाचा ब्रश आठवला. ब्रश बाजूला ठेवता आला असता. त्यांनी डावा हात वर केला होता, आणि त्याने टाचांकडे लक्ष ठेवलं होतं.

बायकोने घरी आल्यावर निर्णय सांगून टाकला. “आता पुरे. चक्कर येणाऱ्या माणसाच्या हातात पटाश्या आणि करवती नकोत.”

“अगं, एकदा आली म्हणून काय रोज येणार आहे?”

“कारण सापडलं असतं तर मी गप्प बसले असते. सगळे रिपोर्ट चांगले आहेत. म्हणजे पुन्हा कधी येईल ते कुणालाच सांगता येणार नाही.”

तिचं म्हणणं बिनचूक होतं. दिलेल्या माहितीवरून त्यानेही तोच निष्कर्ष काढला असता. चक्कर नव्हती असं सासूबाईंनी म्हणावं, तर मग पडलात कशा, ते सांगावं लागणार होतं. जावयाची अब्रू झाकायला त्यांनी जे पांघरूण घातलं, त्यात त्या स्वतःच गुरफटल्या होत्या. हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तो ताटं पुसत होता.

सुट्टीच्या दिवशी सोफावाला टेम्पो घेऊन आला. खुर्च्या तर तो परत नेणारच होता, शिवाय खोली मोकळी करायची म्हणून बायकोने त्याला कपाट आणि हत्यारंही न्या असं सांगून ठेवलं होतं. सासूबाई गळ्यात हात अडकवून पेटीवर बसल्या होत्या. बायको खुर्च्या मोजून दाराकडे सरकवत होती.

“मावशी, तुम्ही असा हात काढून घेतलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?” सोफावाला म्हणाला. “वेत विणणारं माणूस आता मिळतं का कुठे?”

“मनगट जुळेल की,” सासूबाई पुटपुटल्या.

“मनगटाचा प्रश्न नाहीये, आई,” बायको म्हणाली.

सोफावाल्याने कपाट उघडलं. माणूस बुटका आणि गोल. लांब क्लॅम्प काढायला त्याने हात वर केला, मग टाचा उचलल्या, मग जीभ दातांत धरली. बोटं क्लॅम्पला लागली, पण तो खुंटीवरून निघेना.

“अहो जावईबापू!” तो हाशहुश करत म्हणाला. “हे कपाट मावशींसाठी केलंत की जिराफासाठी?”

“मी पोचते,” सासूबाई पटकन म्हणाल्या. “मला सवय आहे.”

“नाही पोचत,” जावई म्हणाला.

आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. बायकोने खुर्ची खाली ठेवली. “काय?”

“आई पोचत नाहीत. डब्यावर चढून काढायच्या. डबा मी टाकून दिला, म्हणून त्या खुर्चीवर चढल्या. चक्कर आली नव्हती.”

“हे तुला आईने सांगितलं?”

“नाही. मी बघितलं होतं. डब्यावर चढताना.”

“कधी बघितलंस?”

“पडायच्या आधी.”

सोफावाल्याने क्लॅम्पवरचा हात हळूच काढून घेतला. “मी जरा टेम्पो बघून येतो,” तो म्हणाला. “गल्लीतली पोरं... हॉर्न वाजवतात.” आणि तो गेला.

बायको नवऱ्याकडे वळली. “मी तिथे रडत होते,” ती म्हणाली. “त्या यंत्राबाहेर. डोक्यात काय निघतंय म्हणून. तू शेजारी उभा होतास. फाईल धरून.”

“हो.”

“आणि तुला माहीत होतं.”

“हो.”

तिने आणखी काही विचारावं अशी तो वाट बघत होता. आपले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते पाठीमागे धरले, शाळेत धरतात तसे.

“झालं समाधान?” सासूबाई कडाडल्या. त्या त्याच्यावरच चिडल्या होत्या. “मी चक्कर म्हटलं होतं ना? मग राहू द्यायचं होतं! आता सगळ्या गल्लीला कळेल, जावयाच्या कपाटाने सासूला पाडलं.”

“कळू दे, आई.”

“तुम्हाला कळू दे. माझं काय? दोन वर्षं हा खांदा मी कुणाला कळू दिला नाही. हात वर जात नाही म्हटलं की हाच सोफावाला दुसरं माणूस शोधेल. त्या दिवशी तुम्ही टेप घेऊन आलात, मी डावा हात वर केला. तुम्ही विचारलंही नाही, उजवा का नाही म्हणून. मला बरंच वाटलं तेव्हा.” त्यांनी कपाटाकडे बघितलं. “कपाटही चांगलं झालं होतं. कोण सांगणार तुम्हाला?”

“मी पुन्हा मापायला हवं होतं. मला भीड वाटली.”

“मलाही तीच वाटली.”

बायको खाली बसली, त्याच रिकाम्या चौकटीच्या खुर्चीवर, कडेवर टेकून. बाहेर टेम्पोचा हॉर्न एकदा वाजला. ती उठून दाराशी गेली आणि ओरडली, “आज काही न्यायचं नाही! प्लास्टर निघेपर्यंत थांबायची तयारी असेल तर खुर्च्या इथेच राहतील.”

“थांबतो की!” सोफावाल्याचा आवाज आला. “न थांबून जातो कुठे?”

ती परत आली. आईला म्हणाली, “त्या खांद्यासाठी उद्या दवाखान्यात जायचं. आणि पुन्हा माझ्याशी खोटं बोलायचं नाही.”

त्याने हत्यारं उतरवून जमिनीवर ओळीने मांडली, आठही स्क्रू काढले. कपाट एकट्याला पेलेना. मदतीला हाक मारायचा धीर होईना, म्हणून तो ते छातीशी धरून तसाच उभा राहिला. बायकोने येऊन दुसरी बाजू धरली. दोघांनी कपाट खाली ठेवलं. आता टेबल त्याखाली राहणार नव्हतं. त्यांनी तेही ढकलत खिडकीपाशी नेलं. कामापुरतं बोलणं झालं. “उचल.” “तुझ्याकडे.” “ठेव.”

मग तो सासूबाईंसमोर आला. “आई, उजवा हात.”

“प्लास्टर आहे त्याला.”

“बोटं मोकळी आहेत. हा छोटा आकडा बोटांत धरा. खांदा जेवढा जाईल तेवढाच वर न्या. दुखायला लागायच्या आधी थांबायचं. तीनदा करायचं आहे.”

“तीनदा?”

“तीनदा.”

सासूबाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या. बायकोने गुडघ्यांवर बसून टेपचं टोक फरशीला दाबून धरलं. पहिल्या खेपेला एकशे एक्केचाळीस. दुसऱ्या खेपेला एकशे एकोणचाळीस. तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी टाचा उचलल्या.

“आई,” बायको खालून म्हणाली.

त्यांनी टाचा टेकवल्या आणि हात पुन्हा वर नेला. माप आणखी एका सेंटीमीटरने उतरलं. जावयाने तिन्हींतलं सर्वात कमी माप धरून भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली.

वरच्या ओळीच्या खुंट्या, फरशीपासून: एकशे अडतीस सेंटीमीटर.